आधी पाय मोज

बायजाआत्या माणसाकडे चष्मा लावून बघायची आणि किड्याकडे चष्मा काढून. चष्मा मुळात तिचा नव्हताच. वारलेल्या नवऱ्याचा होता, जाड काचांचा, एका बाजूची काडी मोडलेली आणि तिथे सुतळी बांधलेली. कुणी किडा घेऊन आलं की ती तो नाकावरून उतरवायची, उजव्या हातात भिंगासारखा धरायची, किडा डाव्या तळहातावर घ्यायची आणि मान वाकडी करून बराच वेळ बघत बसायची. समोरचं माणूस घाईत असायचं. कुणाला शिफ्टला जायचं असे, कुणाचं दूध चुलीवर असे. "आत्या, घालू का चप्पल त्याच्यावर?" असं कुणी म्हटलं की ती मान वर न करता म्हणे, "थांब की. आदी पाय मोजू दे."

आकुर्डीच्या अलीकडे तिच्या आठ खोल्या होत्या, एका ओळीत, पत्र्याच्या छपराच्या. तिथे तिचं शेत होतं. कारखाने आले तेव्हा त्यातलं बरंचसं गेलं आणि उरलेल्या तुकड्यावर नवऱ्यानं या खोल्या बांधल्या. पुढे तोही गेला. खोल्यांत कोकणातले, सातारकडचे, मराठवाड्यातले कामगार राहायला आले. आत्या शेताबद्दल कधी फारसं बोलली नाही. पण शेतानं शिकवलेलं एक शास्त्र तिच्यापाशी उरलं होतं, आणि ते ती आमच्या खोल्यांत वापरायची. कणगीतले सोंडे, कडधान्यातले भुंगे, मुळं खाणारी हुमणी, पिकावरचा मावा हे सगळं तिनं बघितलेलं. घरातली झुरळं नि ढेकूण तिच्या दृष्टीनं त्यांचेच शहरात आलेले नातेवाईक होते.

तिचे तीन सवाल ठरलेले असत. कोन हाय? काय खातं? कुठनं आलं?

"चौथा सवाल मारायचा," ती सांगायची. "पन तिसऱ्याचं उत्तर घावलं तर चौथ्याची पाळीच येत न्हाई."

शेजारच्या सावंतवहिनींची एक गोष्ट सांगते. त्या मालवणकडच्या. त्यांच्या लग्नातल्या रेशमी साडीला भोकं पडली. वहिनींनी झुरळांचं औषध आणलं, खोलीभर मारलं, दोन दिवस सगळं बिऱ्हाड खोकत राहिलं. महिन्याभरानं साडीला आणखी भोकं. मग त्या साडी घेऊन आत्याकडे आल्या. आत्यानं साडी हुंगली.

"झुरळाचा वास न्हाई ह्याला. झुरळ फिरलं की कपडा घान मारतो. ही कसर हाय." तिनं घडीतून तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी नखानं खरवडून काढलं. "हे बग तिचं घरटं. सुती साडीला शिवायची न्हाई ती, रेशीम आन् लोकर खाती. तुज्यावानीच, भारीतलं आवडतं तिला."

वहिनी रडता रडता हसल्या. साडी उन्हात पडली, ट्रंकेत कडुलिंबाचा पाला आला आणि झुरळांच्या औषधाची बाटली आत्यानं स्वतःच्या हातानं खड्डा करून पुरली. पोरं असलेल्या घरात ती नको, एवढंच तिचं म्हणणं.

ही साडीची गोष्ट मात्र नंतरची. आमची आणि तिची खरी ओळख झाली ती त्याच्या आधी, आणि ती अशी हसतखेळत झाली नाही.

आम्ही करमाळ्याकडून आलो तेव्हा सत्तर साल उजाडायचं होतं. माझे यजमान मधुकर एका कंपनीत इन्स्पेक्शनला लागले होते. मशीनवरून उतरलेला नग मापात आहे की नाही ते बघायचं काम. आमची ज्योती आठ महिन्यांची. आत्यानं खोली दाखवली, गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. आम्ही बौद्ध. आडनाव ऐकून ती जरा थांबली आणि म्हणाली, "नळ एकच हाय हितं. समद्यांना त्योच." हे तिनं आम्हाला सांगितलं की स्वतःला, ते मला तेव्हा कळलं नाही. पण तिनं किल्ली दिली.

दहाएक दिवस झाले असतील. ज्योती रात्रीची रडायला लागली. सकाळी बघावं तर मानेवर, पोटावर, काखेत लालभडक पुरळ. मग माझ्या हातांवर आलं. मग सावंतवहिनींच्या दोन्ही पोरांच्या अंगावर. त्यांची खोली आमच्या भिंतीला लागूनच, शेवटची. वहिनींचा धाकटा तर खाजवून खाजवून रक्त काढायचा.

नळावर बोलणं सुरू झालं. "ढेकूण झालेत," कुणीतरी म्हणालं.

"आधी नव्हते गो," सावंतवहिनी म्हणाल्या. "नव्या सामानाबरोबर येतात मेले."

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. पण सगळ्या जणी माझ्या बादलीकडे बघायला लागल्या. बादली चक्क नवी कोरी होती, आदल्याच आठवड्यात पिंपरी कॅम्पाच्या बाजारातून घेतलेली, आणि तरी मला ती घाण वाटायला लागली. 'ढेकूण' या शब्दाच्या आडून काय बोललं जातंय ते मला कळत होतं. गावाकडेही मी ते ऐकलं होतं, फक्त तिथे आडून बोलत नसत.

रविवारी चार पुरुष आत्याकडे गेले. सावंतभाऊ पुढे. "त्यांना खोली सोडायला सांगा आत्या. पोरांचे हाल बघवत नाहीत."

आत्या म्हणाली, "बगते." एवढंच. तिच्या दारातलं ते बोलणं आमच्या खोलीपर्यंत सगळं ऐकू येत होतं.

मधुकर म्हणाले, "चल, आपणच निघू. हातगाडीवर मावेल एवढंच सामान आहे." त्यांना भांडण नको होतं. कामावर अजून कायम व्हायचे होते. मी गाठोडं बांधायला घेतलं. अर्धं बांधलं आणि मला काय झालं कुणास ठाऊक, ज्योतीला कडेवर घेतलं आणि आत्याच्या दारात जाऊन उभी राहिले.

"आत्या, आम्ही जातो. पण त्याआधी माझ्या खोलीत मला एक ढेकूण दाखवा. नाही सापडला, तर तेवढं सगळ्यांसमोर सांगा."

ती तांदूळ निवडत होती. "ढेकून हाईत असं म्या कुटं म्हनलं?"

"नाहीत असंही म्हणाला नाहीत."

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, मग ज्योतीच्या मानेकडे. चष्मा उतरवून ते पुरळ बघितलं. बराच वेळ. शेवटी गुडघ्यावर हात टेकून उठली.

"माज्यापास्नं सुरू करू," ती म्हणाली. "घरमालकीन म्हनून काय ढेकून मला सोडत न्हाईत."

त्या रविवारी आठही खोल्यांच्या खाटा, गाद्या, वाकळा अंगणात आल्या. लोक कुरकुरत होते, पण घरमालकिणीपुढे कोण बोलणार? आत्या एकेका खाटेच्या सांध्यात काडी घालून बघत होती, गादीची शिवण उलटी करत होती. "ढेकून जिथं ऱ्हातो तिथंच हागतो. शाईचे ठिपके दिसत्यात. आन् वास येतो, कोथमीर कुजल्यावानी." आमची खाट नव्हतीच, एक सतरंजी आणि गोधडी. तिनं ती टाका न् टाका बघितली. एक ठिपका सापडला नाही. सावंतांच्या खाटेतही नाही. कुणाच्याच नाही.

"ढेकून न्हाई," ती म्हणाली.

"मग चावतं काय?" सावंतभाऊंनी विचारलं.

"त्ये कुटं कळलंय अजून? कोन हाय तेच म्हाईत न्हाई."

तिनं मग दारोदार जाऊन विचारलं, किती चावतं, कुणाला चावतं. आमच्या आणि सावंतांच्या खोलीत सगळ्यात जास्त. पलीकडे जरा कमी. पहिल्या खोलीत, तिच्या स्वतःच्या, मुळीच नाही. सावंतवहिनींना तिनं एक धुतलेलं पांढरं धोतर दिलं आणि रात्री पोरांच्या अंथरुणावर पसरायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी ते धोतर तसंच गुंडाळून घेऊन आल्या. अंगणात पसरलं. त्यावर तिखटाच्या भुकटीएवढे कण होते. आत्यानं चष्मा धरला, डोळे बारीक केले, हैराण झाली. "हालतंय. पन पाय दिसंनात."

मधुकर नुकतेच रात्रपाळीहून आले होते. त्यांच्याकडे घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं एक भिंग होतं, जुन्या बाजारात घेतलेलं. ते घेऊन आले आणि अंगणात सगळ्यांसमोर उकिडवे बसले. कालपर्यंत ज्याला घालवायचं चाललं होतं, तो माणूस खाली मान घालून मोजत होता आणि सगळी ओळ त्याच्याभोवती उभी होती.

"आठ," ते म्हणाले.

"नीट मोज. सा असत्यात."

"तीनदा मोजले आत्या. आठच आहेत."

"आठ!" आत्या एकदम सरळ झाली. "मग ढेकून कसला! ढेकनाला सा. आठ म्हंजी ह्यो गोचडाच्या भावकीतला." तिनं एक कण नखानं चिरडला. पांढऱ्या धोतरावर लाल रेघ उमटली. "खातं काय? रगत. कुनाचं? गोचड जनावरावर जगतं, हे मानसाचं न्हाई मूळचं. हे दुसऱ्याच कुनाचं तरी..."

आणि ती मध्येच थांबली. तिचा चेहरा उतरला. ती उठली आणि खोल्यांच्या मागे गेली. आम्ही पाठोपाठ.

आमच्या आणि सावंतांच्या मागच्या भिंतीला टेकून कोंबड्यांचं खुराडं होतं. लाकडाचं, तिच्या नवऱ्यानं केलेलं. रिकामं. त्या उन्हाळ्यात रोग आला आणि तिच्या सगळ्या कोंबड्या चार दिवसांत मेल्या होत्या. त्यानंतर ती मागे फिरकलीच नव्हती. बघवायचं नाही तिला. तिनं खुराड्याच्या दारातून हात आत घातला, फळीच्या फटीवरून फिरवला आणि बाहेर काढला. हात कोपरापर्यंत राखाडी धुळीनं भरला होता. आणि ती धूळ चालत होती.

सावंतवहिनी किंचाळल्या. आत्यानं शांतपणे हात राखेनं घासला, धुतला आणि नळापाशी येऊन उभी राहिली. पाण्याची वेळ होती, सगळ्या बायका तिथेच होत्या.

"ऐका समद्याजनी. तुमच्या पोरांना चावतंय ते माज्या कोंबड्यांचं हाय. कोंबड्या मेल्या, ह्ये उपाशी राह्यले, भिताडाच्या फटीतनं तुमच्याकडं आले. ह्या पोरीनं काय आनलं न्हाई. ती आली आन् कोंबड्या गेल्या एकाच आठवड्यात. तुमी दोन गोष्टी जोडल्या." ती माझ्याकडे वळली. "म्याबी जोडल्या मनात. बोलले न्हाई, पन जोडल्या. चुकलं माजं."

नळाखाली कुणाचीतरी कळशी भरून वाहत होती.

नवऱ्यानं केलेलं ते खुराडं तिनं स्वतःच्या हातानं मोडलं, माळावर नेऊन जाळलं. भिंतीच्या फटींत उकळतं पाणी ओतलं, वर दोनदा चुना मारला. आमची सगळ्यांची अंथरुणं मोठ्या हंड्यात उकळली. सावंतभाऊ लाकडं फोडत होते, मधुकर पाणी वाहत होते. आठवड्याभरात चावणं थांबलं. ज्योती रात्रभर झोपली त्या दिवशी पहाटे मी दचकून जागी झाले, की ही रडत का नाही! हात लावून बघितला. गाढ झोपली होती. मी तशीच बसून राहिले आणि मग अर्धवट बांधलेलं ते गाठोडं, जे इतके दिवस कोपऱ्यात होतं, सोडून टाकलं. मडकी, पातेली, डबे एकेक करून फळीवर लावले. इतकं हलकं मला त्या गावात आल्यापासून वाटलं नव्हतं.

त्याच दिवशी सावंतवहिनी सोलकढीचं पातेलं घेऊन आल्या. "उन्हाचं बरं असतं," एवढंच म्हणाल्या आणि ज्योतीला उचलून घेऊन गेल्या. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. ती सोलकढीच होती.

सगळं एका दिवसात बदललं असं मी म्हणणार नाही. आत्या आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायची, आत यायची नाही. आमच्याकडचं काही खायची नाही. दोन वर्षं तसंच चाललं. मग एका दुपारी आम्ही दोघी तिच्या दारात गहू निवडत बसलो होतो. ती सोंडे आणि तांबडे भुंगे वेगळे करून दाखवत होती, की सोंड्यानं दाणा आतून पोकळ केलेला असतो, तो पाण्यात टाकला की तरंगतो. बोलता बोलता म्हणाली, "भूक लागली बग. काय केलंयस?"

"पिठलं-भाकरी."

"मग वाढ की."

आत येऊन बसली, जेवली. शेवटचा घास घेऊन म्हणाली, "मीट कमी हाय." आणि ताट धुवायला स्वतःच उठली. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी मीठ कमी असल्याचं मला कळायचं.

माझी नोकरीसुद्धा तिच्यामुळेच. पावसाळ्यात एका संध्याकाळी दाराच्या फटीतून पंखवाले किडे निघायला लागले. मी उंबऱ्यावर मुंग्यांची पावडर टाकत होते. आत्यानं एक उचलला. "मुंगीची कंबर बारीक असती. हिला कंबर हाय का? डोक्यापास्नं बुडापतुर सरळसोट. ही वाळवी. ट्रंक कुटं हाय तुजी?" ट्रंक जमिनीवर, भिंतीला टेकून. मागे मातीची बोटभर जाड रेघ वर चढलेली. ट्रंकेच्या तळाला गंजून भोक पडलं होतं, तिथून ती आत शिरली होती. तळाच्या दोन साड्या आणि एक वही खाल्ली होती. माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट त्याच वहीत होतं. कडा कुरतडलेली, पण नाव, मार्क, शिक्का शाबूत. मी ते झटकून छातीशी धरलं. पुढच्या वर्षी तेच दाखवून मी बालवाडीत लागले. साहेबांनी विचारलं, "हे कुणी खाल्लं?" मी म्हटलं, "वाळवीनं." आत्यानं ऐकलं असतं तर म्हणाली असती, नाव बरोबर सांगितलंस.

तिचंही चुकायचं. एकदा सावंतभाऊंच्या मानेवर भाजल्यासारखा चट्टा उठला. ती म्हणाली, "कोळी फिरला अंगावरनं." सगळ्यांनी कोळी मारायचा सपाटा लावला. पंधरा दिवसांनी तिला ट्यूबलाइटखाली एक बारीक, केशरी-काळा किडा सापडला. तिनं तो मनगटावर चिरडून बघितला, आणि दोन दिवसांनी तिथे तसाच चट्टा. मग हात दाखवत आठही दारं फिरली. "कोळ्यांना सोडा रं. माजं चुकलं. ह्यो हाय तो. अंगावर बसला तर चिरडू नगा, फुंकर मारा." कोळी नसले तर डास किती वाढतात यावर तिनं वर एक भाषण दिलं.

पुढे आम्ही निगडीला स्वतःच्या घरात गेलो. पण मी महिन्यातून एकदा तरी तिच्याकडे जायची. तिला दिसेनासं होत चाललं होतं. नवऱ्याच्या चष्म्याचा काही उपयोग उरला नव्हता. तरी लोक काड्यापेट्या घेऊन यायचेच. ती पेटी कानाला लावायची, किडा बोटांवर चालू द्यायची आणि ज्योतीला विचारायची, "सांग, पाय किती? कंबर हाय का? मिशा कशा हाईत?" ज्योती सांगायची आणि ती नाव सांगायची. बहुतेक वेळा बरोबर. पण एकदा ती मला हळूच म्हणाली, "लई अंधार झालाय गं. नावं ठावं हाईत, पन दिसत काय न्हाई." तिच्या आवाजात भीती मी पहिल्यांदाच ऐकली.

दवाखान्यात जायला ती तयारच नव्हती. डोळा कापतात म्हणजे काढूनच घेतात, अशी कुणीतरी घातलेली धास्ती. मी आणि सावंतवहिनी मिळून तिला पिंपरीला घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, पिकलाय, काढला की दिसेल. आत्यानं त्यांना विचारलं, "कशानं झाला?" डॉक्टर म्हणाले, "वयानं." तिला ते उत्तर पटलं नाही, पण तिनं डोळा कापून घेतला. पट्टी होती तितके दिवस ती गप्प पडून राहिली. आम्ही दोघी आळीपाळीनं शेजारी बसायचो. काय होईल याची मलाही धाकधूक होतीच.

ती एका डोळ्यानं बघायला लागली. दुसरा पुढच्या वर्षी करायचा ठरला. तिची मुलगी खेडला दिलेली, विश्रांतीसाठी तिच्याकडे जायचं होतं. तिला बसमध्ये बसवायला मी नाशिक फाट्यावर गेले होते. सकाळची वेळ. सुट्टी घेतली होती. दवाखान्यातून मिळालेला नवा चष्मा तिच्या डोळ्यांवर मोठाच दिसत होता. तिला खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी राहून पिशवी वर दिली, औषध कधी घालायचं ते पुन्हा सांगितलं, मुलीचा पत्ता कंडक्टरला सांगितला.

ती ऐकतच नव्हती. खिडकीच्या गजांतून माझ्याकडे बघत होती. इतकं बघत होती की मी ओशाळले.

"काय झालं आत्या? काही राहिलं का?"

"तुज्या केसात पांढरं झालंय," ती म्हणाली. "आन् जाड झालीस जरा. चार-पाच वर्सं झाली, मला तुजं नुसतं बोलनं ऐकू यायचं. कुनी सांगितलंच न्हाई की."

"म्हातारी झाले आत्या."

"हॅट! चांगली दिसतीस."

बस सुरू झाली. तिनं गजांतून हात बाहेर काढला आणि माझ्या गालाला लावला, खरबरीत, गरम. बस पुढे सरकली तसा हात सुटला. मी बघत होते. ती मागे वळून, खिडकीला नाक लावून, अजून माझ्याकडेच बघत होती.